‘एनर्जाइज’ झालं म्हणजे नक्की काय झालं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एक नवा टॉवेल कारखाना उभा राहतोय. तिथल्या तरुण वायरमनच्या हातात ठेकेदाराचं इंग्रजी पत्र पडलं: 11 केव्हीची (11 हजार व्होल्टची) मांडणी सोमवारी ‘एनर्जाइज’ करण्यात येईल. मालक म्हणतात, माग यायला अजून आठवडा आहे, लोड शून्य आहे, तोवर ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाला आणि आतल्या स्ट्रक्चरला रंग मारून घेऊ. डिक्शनरीत ‘ऊर्जा देणे, उत्साह भरणे’ एवढंच सापडलं आणि त्यातून काही उलगडा झाला नाही. तर एनर्जाइज करणं, चार्ज करणं आणि चालू करणं यात फरक काय, आणि हे क्रियापद कामाच्या कागदावर कसं वापरायचं?

आधी रंगाऱ्यांचं बोलू. सोमवारी मांडणी एनर्जाइज झाली की त्या कुंपणाच्या आत रंगाऱ्यांना पाठवू नका. लोड शून्य असला, माग आलेले नसले, मीटरचा आकडा हललेला नसला, तरीही नाही. रंगकाम त्याआधी उरका. नाही जमलं तर नंतर रीतसर शटडाउन घेऊन, दोन्ही बाजू तोडून, अर्थिंग करून (जमिनीला जोडून) आणि लेखी परमिट देऊनच करा. मालकांना हा परिच्छेद वाचून दाखवलात तरी चालेल. मी परवानाधारक विद्युत ठेकेदार आहे, सोलापुरात आणि जिल्ह्यात उच्चदाबाची कामं करत आलोय, आणि या एका शब्दाबद्दलचा हाच गैरसमज मला सगळ्यात जास्त धोक्याचा वाटतो.

विजेच्या कामात एनर्जाइज करणं म्हणजे एखादी तार, यंत्र किंवा अख्खी मांडणी व्होल्टेजच्या स्रोताला जोडणं. अर्थ एवढ्यावरच संपतो. त्यातून प्रवाह किती वाहतो, काही फिरतं की नाही, दिवा लागला की नाही, याचा या क्रियापदाशी संबंध नाही. तुमच्या घरात भिंतीवरच्या ज्या सॉकेटचं बटण चालू आहे पण ज्यात काहीच खोचलेलं नाही, तो सॉकेट एनर्जाइज्ड आहे. त्यात लहान मुलानं खिळा घातला तर काय होईल ते आपल्याला माहीत आहे. ‘लोड नाही’ हे वाक्य तिथे कुणाच्या उपयोगी पडत नाही.

तुमच्या ट्रान्सफॉर्मरचंही तेच. सोमवारी वरच्या बाजूला 11,000 व्होल्ट येतील, खालच्या बाजूला लोड नसताना दोन फेजमध्ये 433 व्होल्टच्या आसपास दिसतील. एलटीचा, म्हणजे खालच्या कमी दाबाच्या बाजूचा, ब्रेकर (मोठा स्वयंचलित स्विच) उघडा, म्हणजे तोडलेला असेल, त्यामुळे कारखान्यात एक पंखासुद्धा फिरणार नाही. तरी ट्रान्सफॉर्मर गुणगुणेल. हा आवाज गाभ्याच्या पत्र्यांचा असतो. 50 हर्ट्झच्या प्रत्येक आवर्तनात ते दोनदा ताणले जातात, म्हणून तो 100 हर्ट्झचा घुमणारा आवाज येतो. लोड नसतानाही ट्रान्सफॉर्मर थोडा प्रवाह घेतो आणि गाभ्यात थोडी वीज खर्च होतच राहते. उघड्या 11 केव्हीच्या बुशिंगला (तार आत नेणाऱ्या टोकाला) तर बोट लागायचीही गरज नसते. ॲल्युमिनियमची शिडी किंवा रोलरचा लोखंडी दांडा जवळ गेला, अंतर पुरेसं कमी झालं, की मधली हवा फुटते आणि आर्क माणसापर्यंत येतो.

मालकांचा गोंधळ मला समजतो. घरात आणि कारखान्यात ‘चालू’ आहे की नाही हे डोळ्यांना दिसतं, कानांना ऐकू येतं. व्होल्टेज दिसत नाही. म्हणून जे दिसत नाही त्यासाठी वेगळं क्रियापद लागतं, आणि इंग्रजी कागदावर ते एनर्जाइज आहे.

आता आपली कामावरची बोली. जागेवर एनर्जाइज कुणी म्हणत नाही. ‘लाइन चार्ज केली’, ‘डीपी चार्ज झाली’, ‘सप्लाय सोडला’, ‘डीओ टाकले’ असं म्हणतात. डीपी म्हणजे वितरणाचा ट्रान्सफॉर्मर, डीओ म्हणजे त्याच्या वरच्या बाजूचे फ्यूज. खेडेगावात शेतकरी ‘लाइट आली’ म्हणतो. वर्तमानपत्रात ‘विद्युतभारित तार’ किंवा ‘जिवंत तार’ येतं. यातलं ‘चार्ज करणं’ हे एनर्जाइजच्या सगळ्यात जवळचं आहे आणि भारतभर इंजिनिअर मंडळी ते त्याच अर्थानं वापरतात. विद्युत निरीक्षकांची मंजुरी लागते तिलाही आपण चार्जिंग परमिशनच म्हणतो. तेव्हा ‘लाइन चार्ज केली’ हे मराठीत बिनधास्त बोला, काही चुकत नाही.

फक्त एक जागा सांभाळा, कारण तिथे हे दोन शब्द वेगळे होतात. केबल टाकली, अजून कुठेही जोडलेली नाही, आणि तुम्ही 5 केव्हीच्या मेगरनं (इन्सुलेशन मोजायच्या यंत्रानं) तिची इन्सुलेशन टेस्ट घेतली. मेगर काढला. ती केबल कधीच एनर्जाइज झालेली नाही, तिला सप्लायच नाही, तरी ती चार्ज्ड आहे. केबलमध्ये साठलेला भार तसाच राहतो आणि टोकाला हात लावणाऱ्याला जोरदार झटका देतो. पॉवर फॅक्टर सुधारायला बसवलेले कपॅसिटर तसेच. ब्रेकर पाडला म्हणजे कपॅसिटरची बँक (त्यांचा संच) डी-एनर्जाइज झाली, स्रोतापासून तुटली, पण डिस्चार्ज रेझिस्टर खराब असेल तर ती चार्ज्ड राहते. व्हीएफडी ड्राइव्हच्या (मोटारीचा वेग बदलणाऱ्या यंत्राच्या) आतली डीसी बसही तशीच, म्हणून त्याच्या झाकणावर किती मिनिटं थांबायचं ते छापलेलं असतं. थोडक्यात, एनर्जाइज म्हणताना स्रोताशी असलेली जोडणी सांगितली जाते, चार्ज म्हणताना आत साठलेला भार. बोलीत आपण दोन्हीला एकच शब्द वापरतो, म्हणून कागदावर लिहिताना तरी ‘डी-एनर्जाइज्ड आणि डिस्चार्ज्ड’ असे दोन्ही शब्द लिहा.

‘स्विच ऑन’ ही हाताची क्रिया झाली, स्विचची मूठ वर केली एवढीच. मागून सप्लायच नसेल तर स्विच ऑन होऊनही पुढचं काही एनर्जाइज होत नाही. ‘स्टार्ट’ मोटारीला लागू, फिरू लागली की. ‘लोड करणं’ म्हणजे काम अंगावर टाकणं. ‘कमिशन’ करणं ही सगळी प्रक्रिया, चाचण्यांपासून ताबा देण्यापर्यंत, आणि एनर्जाइज करणं हा त्यातला एकच क्षण. पण तो उलट न फिरवता येणारा समजा, कारण त्या क्षणापासून जागेचे नियम बदलतात.

आणखी एक क्रियापद ‘सिंक्रोनाइज’. ते समजायला सोलापूरकराला लांब जायला नको. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर–सोलापूर या 765 केव्ही लाइननं दक्षिणेचं ग्रिड देशाच्या बाकीच्या ग्रिडला समकालिक पद्धतीनं जोडलं आणि सगळा देश एका फ्रिक्वेन्सीवर आला. अशा कामात दोन वेगळ्या गोष्टी घडतात. आधी लाइन एका टोकाकडून एनर्जाइज होते, तेव्हा दुसरं टोक उघडं असतं आणि वीज इकडून तिकडे जात नसते. मग त्या उघड्या टोकाशी दोन्हीकडच्या फ्रिक्वेन्सी, व्होल्टेज आणि फेजचा मेळ बसल्यावर ब्रेकर मिटतो. ते सिंक्रोनाइज. पहिली गोष्ट झाली पण दुसरी नाही, अशा अवस्थेत लांब लाइनच्या उघड्या टोकाचं व्होल्टेज पाठवणाऱ्या टोकापेक्षाही वर चढतं. याला फेरांटी परिणाम म्हणतात आणि तो आवरायला रिॲक्टर लावावे लागतात. ‘लोड नाही म्हणजे काही नाही’ असं मानणाऱ्याला दाखवायला याहून चांगलं उदाहरण माझ्याजवळ नाही.

आता तुमच्या सोमवारच्या क्षणात नेमकं काय होईल ते सांगतो, म्हणजे शब्दाचं वजन कळेल. आधी ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची पातळी, तेलाची बीडीव्ही (तेल किती व्होल्टला फुटतं ते), इन्सुलेशनचं मेगर, सिलिका जेलचा निळा रंग, टॅपची जागा, न्यूट्रलची आणि बॉडीची दुहेरी अर्थिंग हे तपासून कागदावर उतरलेलं असलं पाहिजे. एलटी ब्रेकर उघडा. आतली सगळी माणसं बाहेर, मोजून बाहेर, आणि गेटला कुलूप. मग एचटीचा, म्हणजे उच्चदाबाच्या बाजूचा, ब्रेकर मिटतो.

त्या क्षणी ट्रान्सफॉर्मर एक मोठा झटका घेतो, याला इनरश म्हणतात. गाभ्यात आधीचं थोडं चुंबकत्व शिल्लक असतं आणि ब्रेकर व्होल्टेजच्या लाटेच्या कुठल्या बिंदूवर मिटला यावर गाभा संपृक्त होतो की नाही ते ठरतं. झाला तर पहिल्या काही आवर्तनांत प्रवाह पूर्ण लोडच्या आठ-दहा पटींपर्यंतही जाऊ शकतो आणि लगेच ओसरू लागतो. लोड शून्य असताना हे घडतं, हे लक्षात घ्या. कधीकधी याच झटक्यानं ब्रेकर ट्रिप होतो आणि सगळे म्हणतात, ट्रान्सफॉर्मर गेला. गेलेला नसतो. पण रिलेवर (ब्रेकर पाडणाऱ्या संरक्षक उपकरणावर) कुठला फ्लॅग (कारण दाखवणारी खूण) पडलाय ते न बघता लगेच दुसऱ्यांदा चार्ज करू नका. डिफरन्शियल किंवा बुखहोल्झचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या आतल्या दोषाचा, फ्लॅग असेल तर पुन्हा मेगर, पुन्हा तपासणी. हे मी फार गंभीरपणे सांगतोय, कारण उद्घाटनाचा दिवस असतो, पाहुणे आलेले असतात आणि ‘परत एकदा टाका’ असा दबाव येतो.

एकदा नीट चार्ज झाला की त्याला काही तास, जमलं तर दिवसभर, लोड न देता तसाच ठेवतात. आवाज ऐकायचा, तापमान बघायचं, तिन्ही फेजचं व्होल्टेज मोजायचं, फेज सिक्वेन्स (तिन्ही फेजचा क्रम) तपासायचा. सिक्वेन्स उलटा राहिला तर सगळे माग एकदम उलटे फिरतील आणि मग प्रत्येक मोटारीची टोकं बदलत बसावं लागेल. या सगळ्या काळात मांडणी एनर्जाइज्ड आहे आणि कारखाना बंद आहे. मालकांच्या मनातला आठवडा तो हाच.

आता व्याकरण, कारण पत्र लिहिताना तुम्हाला ते लागणार. एनर्जाइज हे सकर्मक क्रियापद आहे. कुणीतरी कशाला तरी एनर्जाइज करतो, ट्रान्सफॉर्मर आपोआप ‘एनर्जाइज’ करत नाही. पण इंग्रजी कागदांवर ते जवळजवळ नेहमी कर्मणी प्रयोगात येतं: ‘द लाइन वॉज एनर्जाइज्ड’. करणारा गायब. दुसरी अडचण म्हणजे हेच रूप घटना आणि अवस्था दोन्हीसाठी येतं. ‘द लाइन इज एनर्जाइज्ड’ म्हणजे आता या घडीला तिच्यात व्होल्टेज आहे. ‘द लाइन वॉज एनर्जाइज्ड ॲट 10:40’ म्हणजे त्या वेळी कुणीतरी ती जोडली, पुढे ती तशीच आहे की नाही हे वाक्य सांगत नाही. लॉगबुकात नुसतं ‘लाइन एनर्जाइज्ड’ लिहिलेलं मी चालवून घेत नाही. वेळ, कुठल्या फीडरवरून (सबस्टेशनहून येणाऱ्या लाइनवरून), कुठल्या व्होल्टेजला, कुणाच्या सांगण्यावरून आणि कुणाच्या हातानं, एवढं एका ओळीत आलंच पाहिजे. मराठीत आपल्याला ही सोय आयती आहे: ‘लाइन चार्ज केली’ आणि ‘लाइन चार्ज आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. तेव्हा नोंद मराठीत लिहिलीत तरी उत्तम, फक्त ‘चार्ज झाली’ लिहून करणारा लपवू नका.

शब्दयोगी अव्ययंही सांगून टाकतो. व्होल्टेज सांगताना ‘ॲट’ येतं, जसं एनर्जाइज्ड ॲट 11 केव्ही. स्रोत सांगताना ‘फ्रॉम’, जसं एनर्जाइज्ड फ्रॉम द 33 केव्ही बस. स्पेलिंग ब्रिटिश वळणानं ‘एस’नं, अमेरिकन वळणानं ‘झेड’नं. दोन्ही बरोबर, एका पत्रात एकच ठेवा. माणसांबद्दल, सभेबद्दल, संघाबद्दलही हे क्रियापद वापरतात, उत्साह भरणे या अर्थानं. तुम्हाला डिक्शनरीत सापडला तो अर्थ खरा आहे, तुमच्या पत्राशी त्याचा संबंध नाही.

पॅनेलच्या आत शिरलात की हे क्रियापद आणखी बारकाईनं लागतं. तिथे एनर्जाइज होते ती कॉन्टॅक्टरची (विजेनं ओढल्या जाणाऱ्या स्विचची) किंवा रिलेची कॉइल. ड्रॉइंगमध्ये एनओ (एरवी उघडा) आणि एनसी (एरवी मिटलेला) काँटॅक्ट दाखवतात ते कॉइल डी-एनर्जाइज्ड असताना कसे असतील तसे. हे एक वाक्य पक्कं झालं तर निम्मी ड्रॉइंगं आपोआप वाचता येतात. नवीन मुलं बरेचदा चालू मशीनसमोर उभं राहून ड्रॉइंग जुळवायला जातात आणि एनसी उघडा कसा म्हणून गोंधळतात. उघडाच असणार, कारण कॉइल आत्ता एनर्जाइज्ड आहे.

आणि इथेसुद्धा एनर्जाइज होणं म्हणजे काम होणं नव्हे. कॉन्टॅक्टरच्या कॉइलला तिच्या रेटेड व्होल्टेजच्या निदान 85 टक्के मिळाले तर तिनं आर्मेचर (आतला हलता लोखंडी भाग) नीट ओढला पाहिजे, असा मानकाचा नियम आहे. उन्हाळ्यात यंत्रमागांच्या वस्तीत व्होल्टेज त्याखाली उतरलं की कॉइलला व्होल्टेज मिळतं, ती गुरगुरते, पण ओढत नाही. एसी कॉइलचा आर्मेचर ओढला गेला नाही तर मधली फट तशीच राहते, कॉइलचा इंडक्टन्स कमी राहतो, प्रवाह कितीतरी जास्त वाहतो आणि थोड्या वेळात कॉइल जळते. मग कारागीर म्हणतो, कॉइलच खराब निघाली. अशा वेळी फॉल्टच्या वहीत ‘कॉइल एनर्जाइज्ड, पिकअप नाही’ असं लिहा. त्या चार शब्दांत दोष कॉइलच्या पुढे नाही, मागे शोधायचा आहे हे पुढच्या पाळीच्या माणसाला कळतं.

‘एनर्जाइज टू स्टॉप’ की ‘डी-एनर्जाइज टू स्टॉप’, हा प्रश्न मागाच्या माणसाला रोजचा आहे. जुन्या पद्धतीच्या इलेक्ट्रिकल वार्प स्टॉपमध्ये ताण्याचा धागा तुटला की ड्रॉपर (धाग्यावर लटकणारी पत्ती) खाली पडतो, सर्किट पूर्ण होतं, सोलेनॉइड (विद्युतचुंबक) एनर्जाइज होतो आणि माग थांबतो. म्हणजे थांबण्यासाठी वीज लागते. त्याची तार मध्येच तुटली तर धागा तुटूनही माग थांबणार नाही. नुकसान कापडाचं होईल, ते सोसता येतं. इमर्जन्सी स्टॉप मात्र याच्या उलट ठेवतात. त्याचं सर्किट सतत एनर्जाइज्ड असतं, बटण दाबलं, तार तुटली किंवा सप्लाय गेला, काहीही झालं तरी कॉइल सुटते आणि मशीन थांबतं. कुणी खर्च वाचवायला इमर्जन्सी स्टॉप ‘एनर्जाइज टू स्टॉप’ पद्धतीनं जोडून देत असेल तर ते काम स्वीकारू नका. तिथे माणसाचा हात अडकलेला असतो.

शेतीकडे आलं की याच शब्दाला सरकारी कागदावर तिसरा अर्थ मिळतो. ‘कृषिपंपांचं ऊर्जीकरण’ असं तुम्ही वाचलं असेल. तिथे पंप एनर्जाइज झाला याचा अर्थ त्याला वीजजोडणी मिळाली, आकडेवारीत तो धरला गेला. तो आत्ता चालतोय असा नाही आणि त्याच्या तारेत आत्ता व्होल्टेज आहे असाही नाही. सांगोल्याच्या डाळिंबाच्या बागेत किंवा पंढरपूरकडच्या उसात कृषी फीडरला पाळीनं लाइट असते. पाळी संपली की आकडेवारीतला ‘ऊर्जित’ पंप विजेविना पडून असतो. आणि खरा धोका इथेच आहे: लाइट नाही म्हणून शेतकरी स्टार्टर उघडतो, मोटारीची टोकं हातात घेतो. फीडर कुठल्याही क्षणी चार्ज होऊ शकतो. त्यात बऱ्याच स्टार्टरना ‘ऑटो’ लावलेला असतो, म्हणजे लाइट येताच पंप आपणहून सुरू. फीडर चार्ज करणाऱ्या ऑपरेटरलाही हा ऑटो जड जातो. सगळे पंप एकदम ओढतात आणि फीडर पुन्हा ट्रिप होतो. त्यामुळे शेतावरच्या दुरुस्तीत ‘लाइट गेलीय’ याला काहीही अर्थ देऊ नका. कटआउट (फ्यूज) काढून खिशात ठेवा, ऑटो बंद करा, टेस्टरनं बघा, मग हात घाला.

यावरून उलट क्रियापदाकडे येतो, आणि माझ्या मते खरा अभ्यास त्याचाच करायला हवा. डी-एनर्जाइज म्हणजे स्रोतापासून तोडणं. पण तोडलं म्हणजे सुरक्षित झालं, असं नाही. भारतीय विद्युत नियम 1956 मध्ये ‘डेड’ या शब्दाची व्याख्या होती आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या सुरक्षा नियमांतही ती आली. तिला दोन अटी आहेत: ती गोष्ट जमिनीच्या विभवाइतकी (व्होल्टेजइतकी) किंवा जवळपास तेवढी हवी, आणि कुठल्याही जिवंत यंत्रणेपासून तोडलेली हवी. दोन्ही अटी एकाच वेळी. नुसता ब्रेकर पाडून दुसरी अट कशीबशी अर्धी पुरी होते.

अर्धी म्हणतो, कारण स्रोत एकच असतो हे गृहीत धरणं आता परवडणारं नाही. समजा गावात डीपीचे डीओ पाडलेत, वायरमन वर चढलाय, आणि खाली एका दुकानदारानं चेंजओव्हर (एका वेळी एकच स्रोत जोडणारा स्विच) न बसवता जनरेटर थेट घरच्या वायरिंगला जोडलाय. त्याचे 230 व्होल्ट उलटे ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतात आणि तोच ट्रान्सफॉर्मर ते वरच्या बाजूला हजारो व्होल्ट करून देतो. लाइन पुन्हा एनर्जाइज झाली, सबस्टेशनला पत्ताही नाही. छतावरच्या सोलर इन्व्हर्टरला ग्रिड गेल्यावर स्वतः बंद पडण्याची सोय असते, तरी त्यावर जीव टांगू नये. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत तर बाहेरून ग्रिड आणि आतून स्वतःचं टर्बाइन, दोन्हीकडून सप्लाय येतो. हंगामात वीज बाहेर जाते, हंगाम संपल्यावर आत येते. तिथे एका बाजूचा ब्रेकर पाडून ‘डी-एनर्जाइज केलं’ लिहिणारा माणूस अर्धीच गोष्ट लिहितो. एकाच खांबावर वर 33 केव्ही आणि खाली 11 केव्ही असेल, किंवा शेजारून मोठी लाइन समांतर जात असेल, तर तोडलेल्या तारेतही इंडक्शननं व्होल्टेज येतं.

म्हणून क्रम कधी मोडू नका. सगळ्या बाजूंनी तोडा, तोडलेलं डोळ्यांना दिसलं पाहिजे, म्हणजे एबी स्विचची (खांबावरच्या उघड्या स्विचची) पाती उघडी दिसली पाहिजेत. कुलूप लावा, चावी काम करणाऱ्याच्या खिशात. व्होल्टेज डिटेक्टर आधी चालू लाइनवर लावून तो बोलतोय याची खात्री करा, मग कामाच्या जागी लावा. मग डिस्चार्ज रॉड (तार जमिनीला जोडणारा दांडा): आधी जमिनीकडचं टोक घट्ट जोडायचं, नंतर आकडा तारेवर टाकायचा. कामाच्या दोन्ही बाजूंना. काढताना बरोबर उलटं. त्यानंतरच परमिटवर सही. काम संपल्यावर परमिट परत आल्याशिवाय आणि माणसं मोजल्याशिवाय लाइन पुन्हा एनर्जाइज करायची नाही. ‘अमुक वाजता सप्लाय सोडा’ असं घड्याळावर ठरवून दिलेलं काम तर मुळीच घेऊ नका.

रेल्वेनं या शब्दाचा वापर फार नीट केलाय. एखाद्या मार्गाचं विद्युतीकरण होताना वरची तार पहिल्यांदा एनर्जाइज करण्याआधी जाहीर सूचना निघते: अमुक तारखेपासून या मार्गावरच्या 25,000 व्होल्टच्या तारा एनर्जाइज होतील आणि त्या दिवसापासून त्या कायम जिवंत समजाव्यात. गाडी कधी धावेल याचा त्यात उल्लेखही लागत नाही. तुमच्या कारखान्यालाही तसंच करा. ठेकेदाराचं इंग्रजी पत्र फाइलला लावून ठेवा आणि गेटवर आपली सूचना लावा. मी सहसा असा मजकूर देतो:

‘सोमवार दिनांक … रोजी सकाळी … वाजल्यापासून ट्रान्सफॉर्मर, एचटी केबल आणि एचटी पॅनेल चार्ज करण्यात येत आहे. त्या वेळेपासून ही सर्व मांडणी, मशीन बंद असली तरी, दिवसरात्र जिवंत समजावी. लेखी परमिट असल्याशिवाय कुंपणाच्या आत कोणीही जाऊ नये. परमिट देणाऱ्याचे नाव व मोबाइल: … गेटची चावी यांच्याजवळ: …’

हा मजकूर मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही लावा. मागावरची बरीच मंडळी घरी तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडून येणारे गवंडी आणि रंगारी कन्नड. जे वाचू शकत नाहीत त्यांच्यासाठी कवटीचं चिन्ह असलेली लाल धोक्याची पाटी व्होल्टेजच्या आकड्यासह कुंपणाच्या चारही बाजूंना हवी. आणि रंगाऱ्यांच्या मुकादमाला सोमवारच्या आधी स्वतः भेटून तारीख सांगा, सूचनेच्या कागदावर त्याची सही किंवा अंगठा घ्या.